इअरफोनवर छान वाजणारं गाणं क्लासमध्ये का फाटतं?

गाण्यांवर नाचत व्यायाम करायच्या ग्रुप क्लासमध्ये आवाजाची तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. वॉर्म-अपला आवाज बरा असतो. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला तो फाटायला लागतो. मागच्या रांगेला बोल कळत नाहीत, पुढच्या रांगेचे कान किटतात आणि कूल-डाउनपर्यंत शिकवणाऱ्याचा घसा बसलेला असतो. मग नवा स्पीकर घ्यायची चर्चा सुरू होते. नवा स्पीकर येतो, पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

ग्रुप क्लास घेताना मी या फेऱ्यातून दोनदा गेले आहे. दोन्ही वेळा आजार रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार झाला. आता माझं मत पक्कं आहे की फोन आणि स्पीकर क्वचितच दोषी असतात. घोळ असतो तो त्या दोघांच्या मधल्या जोडणीत, नाहीतर खोलीत. आणि दुखणं नेमकं कुठे आहे हे आवाज कसा बिघडतोय यावरून बरंचसं ओळखता येतं.

आधी रिकाम्या हॉलमध्ये पाच मिनिटं

ज्या गाण्याला त्रास होतो तेच गाणं, त्याच ॲपमधून, इअरफोनवर ऐका. तिथेच खरखर असेल तर स्पीकरला हातही लावू नका. फाइल किंवा ॲपची सेटिंग बिघडलेली आहे. इअरफोनवर ठीक असेल तर दुसऱ्या कुणाचा फोन त्याच केबलने त्याच स्पीकरला जोडा. मग केबल बदला. मग स्पीकरचं इनपुट बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल, ॲप आणि स्पीकरची जागा एकदम बदलली तर आवाज सुधारला तरी कशाने सुधारला ते कळत नाही, आणि दुखणं परत आलं की पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध.

फाइलचाच दोष असेल तर तो शोधायला सोपा. व्हिडिओतून काढलेली, दोन-तीनदा रूपांतर झालेली गाणी इअरफोनवर खपून जातात, मोठ्या स्पीकरवर मात्र झांजांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. अशी फाइल नंतर ३२० केबीपीएसची (सेकंदाला ३२० किलोबिट; आकडा मोठा तितका तपशील जास्त) करून काही होत नाही, गेलेलं परत येत नाही. स्ट्रीमिंगमध्ये गुणवत्ता ‘ऑटोमॅटिक’वर ठेवली की ॲप नेटवर्क बघून दर्जा ठरवतं. स्पॉटिफायमध्ये लो म्हणजे सुमारे २४, नॉर्मल ९६, हाय १६० आणि व्हेरी हाय ३२० केबीपीएस. तळघरातल्या स्टुडिओत रेंज गेली की कुठली पायरी मिळेल ते सांगायला नको. क्लासची यादी वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवा, आणि डाउनलोडच्या दर्जाची सेटिंग वेगळी असते हे विसरू नका.

गाण्याचा वेग वाढवणाऱ्या ॲपबद्दलही एवढंच: सूर तोच ठेवून वेग थोडासा वाढवला तर कुणाला कळत नाही, पण ११० बीपीएमचं (मिनिटाला ११० ठेके) गाणं ओढूनताणून १३५ वर नेलं की ढोल-ड्रमची धार बोथट होते. त्याला कुठलाही स्पीकर काही करू शकत नाही. त्या वेगाचं दुसरं गाणं शोधा.

आवाज फाटतो

सर्वांत जास्त आढळणारं दुखणं हेच, आणि त्याची तीन कारणं असतात.

पहिलं म्हणजे इक्वलायझर, आवाजाचे खालचे-मधले-वरचे पट्टे कमी-जास्त करणारी सेटिंग. फोनमध्ये ‘बास बूस्ट’, स्पीकरच्या ॲपमध्ये पुन्हा ‘एक्स्ट्रा बास’, आणि मिक्सरवर, म्हणजे फोन-माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या पेटीवर, खर्जाचा ‘लो’ नॉब उजवीकडे. आजची नाचाची गाणी मुळातच डिजिटल मर्यादेच्या काठापर्यंत भरून मास्टर केलेली असतात. त्यात फोनने आणखी ६ डेसिबल घातले की लाटेचं टोक सपाट कापलं जातं. कापलेलं टोक नंतर आवाज कमी केला तरी कापलेलंच राहतं. म्हणून आधी फोनमधली सगळी ‘इफेक्ट्स’ बंद करा: बूस्ट, थ्रीडी, सराउंड, जे काय असेल ते. बदल करायचाच तर वाढवण्याऐवजी घटवा. खर्ज कमी वाटतोय? खर्ज चढवण्याऐवजी मधला पट्टा दोन-तीन डेसिबल उतरवा आणि एकूण आवाज थोडा वाढवा. परिणाम तोच, आवाज फाटत नाही.

दुसरं, चुकीच्या भोकात केबल. बऱ्याच चाकाच्या स्पीकरवर एकाच इनपुटला ‘माइक’ आणि ‘लाइन’ असं बटण असतं. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, तर घरगुती लाइनचा साधारण ०.३ व्होल्टचा, म्हणजे शंभरेक पट. फोन माइक इनपुटला लावला की नॉब नुसता हलवला तरी आवाज धाडकन येतो आणि फाटतो. नॉब जेमतेम पाव फिरवल्यावरच स्पीकर ओरडायला लागत असेल तर आधी हे बटण बघा.

तिसरं, पातळ्यांचं गणित. फोन ४० टक्क्यांवर आणि स्पीकर पूर्ण वर, असं असलं की खरखरही तितकीच मोठी होऊन येते. उलट फोन शंभरावर असेल तर काही फोनचा हेडफोन ॲम्प्लिफायर स्वतःच दमतो. मी असं करते: स्पीकरचा नॉब शून्यावर, फोन ८०–९० टक्क्यांवर, यादीतलं सर्वांत दणदणीत गाणं लावायचं आणि मग नॉब हळूहळू वर न्यायचा. लाल दिवा लुकलुकला की थोडं मागे यायचं. तिथे टेपचा तुकडा लावून खूण करून ठेवायची. क्लासमध्ये आवाज कमी-जास्त करायचा तो फोनवरून, आणि खुणेच्या वर नॉब न्यायचा नाही.

आयफोन ब्लूटूथवर काही केल्या मोठा वाजत नसेल तर सेटिंग्जमध्ये ब्लूटूथच्या यादीतल्या त्या स्पीकरसमोरच्या ‘आय’वर टॅप करून डिव्हाइसचा प्रकार ‘स्पीकर’ असा निवडा. फोन त्याला हेडफोन समजत असेल तर कान जपण्यासाठीची मर्यादा तिथेही लागू शकते. अँड्रॉइडवर फोनचा आणि स्पीकरचा आवाज एकमेकांना बांधलेला असतो आणि मधल्या पायऱ्या विचित्र पडतात. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ बंद केलं की दोन्ही वेगवेगळे हाताळता येतात.

छोट्या ब्लूटूथ स्पीकरचं मात्र वेगळं. तो फाटत नाही, कारण आतला प्रोसेसर त्याला फाटू देत नाही. आवाज वाढेल तसा तो खर्ज काढून घेतो. म्हणून घरी मध्यम आवाजात गोड वाजणारा डबा हॉलमध्ये पूर्ण वर नेल्यावर नुसता चिरका होतो. हा बिघाड नाही, त्याची कुवत तेवढीच. बॅटरी उतरली की काही स्पीकर आणखी हात आखडता घेतात, तेव्हा क्लासला तो वीज जोडूनच वाजवा.

गायकाचा आवाजच गायब

हा प्रकार पहिल्यांदा घडला तेव्हा मी गाण्याची ‘कराओके’ आवृत्ती चुकून लावली असं समजून शरमले होते. ताल आहे, कोरस आहे, घुमणारा प्रतिध्वनी आहे, पण मुख्य आवाज आणि खर्ज दूर कुठेतरी.

कारण असं. फोनच्या ३.५ मिलिमीटर पिनवर डावा आणि उजवा असे दोन वेगळे सिग्नल असतात. स्पीकरचं मोठं गोल किंवा तीन पिनांचं इनपुट बहुधा ‘बॅलन्स्ड’ असतं. ते दोन तारांतला फरक काढतं. त्यात स्टिरिओ पिन सरळ घुसवली की स्पीकर डाव्यातून उजवा वजा करतो. गायक आणि खर्ज दोन्ही बाजूंना सारखेच असतात, म्हणून वजाबाकीत तेच उडतात.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. आवाज सुधारायच्या ऐवजी जवळजवळ बंदच पडला तर निदान पक्कं. उपाय म्हणजे एका टोकाला ३.५ मिलिमीटर स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या मोनो पिना असलेली केबल. मिक्सर असेल तर दोन्ही पिना दोन चॅनेलना. एकच स्पीकर असेल तर फोनवर मोनो चालू ठेवून फक्त डावी पिन लावा. मोनो न करता एकच पिन लावली तर अर्धं गाणंच मिळेल. डावा-उजवा तार जोडून एक करणारी केबल मात्र टाळा. त्यात फोनची दोन आउटपुट एकमेकांशी झटापट करतात.

आणि अगदी हेच लक्षण फोनच्या जाड कव्हरमुळेही दिसतं. पिन एक-दीड मिलिमीटर बाहेर राहिली की डाव्या-उजव्या दोन्हींची समान (ग्राउंड) तार नीट टेकत नाही आणि पुन्हा तीच वजाबाकी ऐकू येते. केबल बदलण्याआधी कव्हर काढून बघा. जॅकमध्ये खिशातला कापसाचा गोळा दबून बसला असेल तरी पिन पूर्ण जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढा, टाचणीने नको.

ज्या फोनला जॅकच नाही त्यांना टाइप-सी ॲडॅप्टर लागतो, आणि तिथे एक खाचखळगा आहे. काही ॲडॅप्टरमध्ये डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप, म्हणजे डॅक, असते; काहींत नुसत्या तारा. नुसत्या तारांचा ॲडॅप्टर ठरावीक फोनवरच चालतो. ‘माझ्या मैत्रिणीच्या फोनवर चालतो, माझ्यावर नाही’ याचं उत्तर बहुतेकदा हेच. घेताना डॅक असलेला घ्या.

अचानक टेलिफोनसारखा वाजतो

गाणं मध्येच पातळ, मोनो, जुन्या फोनवरून ऐकू यावं तसं झालं तर ब्लूटूथ संगीताच्या पद्धतीतून कॉलच्या पद्धतीत गेलं आहे. कॉलच्या जुन्या पद्धतीत सँपलिंग, म्हणजे आवाजाचे नमुने घ्यायचा वेग, ८ किलोहर्ट्झ, सुधारित पद्धतीत १६. आवाज त्याच्या निम्म्यापर्यंतच टिकतो, म्हणजे अनुक्रमे ४ आणि ८ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही. एखाद्या ॲपने माइक उघडला की हे होतं. ऑनलाइन मंडळींसाठी त्याच फोनवरून व्हिडिओ कॉल चालू ठेवणं हे नेहमीचं कारण. कॉलला दुसरा फोन वापरा. अँड्रॉइडवर त्या स्पीकरच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये ‘कॉल’ बंद करून फक्त ‘मीडिया’ चालू ठेवता येतं.

ब्लूटूथ इअरफोनचा माइक करून त्यातून शिकवायचा जुगाड अनेक जण करून बघतात. आवाज वाईट येतो तो येतोच, शिवाय १००–२०० मिलिसेकंद उशिरा येतो. स्वतःचाच आवाज मागून ऐकू आला की माणूस बोलताना अडखळतो. शिकवायला स्वतःचा रिसीव्हर असलेला हेडसेट माइक वेगळा, गाण्यांचा फोन वेगळा.

मधेच तुटतं

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, आणि पाणी या लहरी शोषतं. माणूस म्हणजे बरंचसं पाणीच. हॉल रिकामा असताना दहा मीटरवरून चालणारी जोडणी वीस जण मध्ये उभे राहिले की का तुटते याचं उत्तर तिथेच आहे. फोन कमरेच्या पट्ट्यात लावून तुम्ही गिरकी घेतली की तुमचंच शरीर आड येतं. फोन स्पीकरपासून दोन-तीन मीटरवर, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा आणि स्मार्ट घड्याळातून गाणी बदला.

जुनं वायफायही याच पट्ट्यात असतं, तेव्हा राउटर ५ गिगाहर्ट्झवर ठेवता आला तर ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर टाकून ब्लूटूथ परत चालू करा; कॉल, नोटिफिकेशन, नेटवर्कची शोधाशोध सगळं थांबतं. बॅटरी सेव्हरच्या यादीतून संगीताचं ॲप वगळा. स्पीकरच्या स्मरणातले जुने फोनही पुसून टाका, नाहीतर मागच्या बॅचच्या कुणाचा तरी फोन दारातून आत आला की तो आपणहून जोडला जातो.

कोडेकवरून, म्हणजे ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायच्या एसबीसी, एलडॅक अशा पद्धतींवरून, वाद घालणाऱ्यांना एकच सांगते: क्लासमध्ये ते सोडा. एसबीसीच्या ३२८ केबीपीएस आणि एलडॅकच्या ९९० मधला फरक पंचवीस जणांच्या उड्यांत कुणाच्या कानाला लागणार नाही. उलट ९९० ला मोकळी, स्वच्छ हवा लागते. गर्दीत तोच आधी तुटतो. एलडॅक असेलच तर त्याला जोडणीच्या स्थिरतेवर ठेवा. आणि केबल जमत असेल तर ब्लूटूथच्या नादी लागू नका.

सतत घूंऽऽ आवाज

चार्जर काढा. गेला? मग तो ग्राउंड लूप होता: फोनचा चार्जर आणि स्पीकर दोन वाटांनी एकाच अर्थिंगला जोडले की विजेच्या कंपनांची, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झची आणि त्यांच्या पटींची, गुणगुण आत शिरते. फोन आधी चार्ज करून आणा, किंवा पॉवर बँक वापरा. चार्जर हवाच असेल तर केबलच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी मिळते, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. स्पीकरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा ‘उपाय’ कुणी सुचवला तर ऐकू नका. तो शॉक बसण्याचा उपाय आहे.

घुमतं, आणि मागे पोचत नाही

इथे खोली बोलायला लागते. आरशाची भिंत, लाकडी फरशी, समोर कोरी भिंत: आवाजासाठी याहून वाईट खोली शोधून सापडणार नाही. रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्रर्र’ अशी झरझर शेपूट ऐकू आली तर समोरासमोरच्या दोन भिंती आवाज आपसात टोलवतायत.

अशा खोलीत आवाज वाढवणं म्हणजे घुमणंही तेवढंच वाढवणं. शिवाय वाढवून मिळतं किती? ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तर ३ डेसिबल वाढतात, जेमतेम जाणवतील एवढे. दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. त्यापेक्षा स्पीकर हलवणं फुकट आहे.

फरशीवरून उचला. जमिनीवरच्या स्पीकरचा वरचा पट्टा, ज्यात बोलांची स्पष्टता असते, तो पहिल्या रांगेच्या पोटऱ्या आणि मांड्याच पिऊन टाकतात. खर्ज तेवढा वळसा घालून मागे जातो. म्हणून मागे फक्त ‘धप्प धप्प’ पोचतं. स्टँडवर घेऊन हॉर्न (वरच्या पट्ट्याचा भोंगा) डोक्यांच्या वर न्या आणि किंचित खाली, मागच्या रांगेकडे झुकवा. पुढची रांग झोताच्या खाली राहते, तिचे कानही वाचतात. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. उंचीमुळे पुढच्या आणि मागच्या रांगेच्या अंतरातली तफावत थोडी कमी होते, हाही फायदा.

कोपऱ्यातून बाहेर काढा. भिंत आणि फरशी दोन्ही खर्ज फुगवतात, कोपरा तर सर्वांत जास्त. मीटरभर पुढे ओढल्यावर घुमणं किती कमी होतं ते बघून मलाच नवल वाटलं होतं. तरीही गढूळ वाटलं तर २५० ते ४०० हर्ट्झचा पट्टा तीनेक डेसिबल उतरवा. स्पीकर कोऱ्या भिंतीवर सरळ न मारता थोडा तिरका ठेवा. मागच्या भिंतीवर जाड पडदा लावता आला तर उत्तमच. खर्जावर तो काही करणार नाही, टाळीची शेपूट मात्र कापेल.

दोन स्पीकर असतील तर दोन्ही पुढे. एक पुढे, एक मागे ठेवला की मधल्या लोकांना तोच ठेका दोनदा ऐकू येतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मीटरचा फरक २९ मिलिसेकंदांचा. त्यात ब्लूटूथने जोडलेल्या जोडीची आपसातली उशीरघाई मिळवा, मग स्टेपवर पाय कधी टाकायचा हा प्रश्नच पडतो.

आणि शिकवणाऱ्याचे शब्द. ते कळावेत म्हणून माइक वाढवत नेला की शिट्टी येते. मिक्सरवर गाण्याचाच २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा तीन डेसिबल उतरवा; शब्दांची व्यंजनं तिथेच असतात, त्यांना जागा मिळते. माइकचा १०० हर्ट्झखालचा भाग कापून टाका.

तिसऱ्या गाण्यालाच का?

दोन गोष्टी होतात. लोक हलायला लागले की पायांचा, श्वासांचा, हसण्याचा गलका वाढतो आणि आपण नकळत बटण वर नेतो. आणि मोठ्या आवाजात कान तात्पुरते बोथट होतात. दिवसातला तिसरा क्लास घेताना मला जो आवाज बेताचा वाटतो, तो नुकत्याच आलेल्या माणसाला कर्कश असतो. म्हणून टेपची खूण पाळायची, कानावर विसंबायचं नाही. नोकरीच्या जागी वापरला जाणारा एक प्रचलित निकष ८५ डेसिबल-ए (कानाच्या संवेदनेनुसार मोजलेले डेसिबल) आठ तास असा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. फोनमधलं मीटर ॲप तंतोतंत नसतं, पण ते मधल्या रांगेत ९५ दाखवत असेल तर क्लासला येणाऱ्याचा तास आणि तुमचे तीन तास यातला हिशेब स्वतःच करा.

गाण्यागणिक पातळी वर-खाली होत असेल तर ॲपमधलं नॉर्मलायझेशन चालू करा. ॲपल म्युझिकमध्ये त्याला ‘साउंड चेक’ म्हणतात. एकूण आवाज थोडा उतरतो, तो नॉबने भरून काढा आणि टेप नव्या जागी लावा.

क्लास चालू असतानाच बिघडलं तर

खाली वाकून मेनू चाळत बसू नका. वीस जण जागच्या जागी मार्च करत तुमच्या पाठीकडे बघत असतात. एक लांब केबल, डॅकचा ॲडॅप्टर आणि तीच यादी डाउनलोड केलेला जुना फोन, एवढं पिशवीत कायम ठेवा. ब्लूटूथ अडकलं की केबल लावायची, दोन्ही नॉब खाली आणून मगच पिन घुसवायची, नाहीतर ‘धाड’ आवाजाने पहिल्या रांगेचा थरकाप उडतो. माझा जुना फोन काचेला तडा गेलेला आहे, सिमही नाही, पण त्याला जॅक आहे. म्हणून तो विकलेला नाही.